चहाच्या नकाशातला समुद्र

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी आधीच करून घेतो, नंतर राहून जाईल. भावजींचा खोकला थांबला असेल. नसेल तर तो आता घरचाच समजावा. मी बरा आहे. बाबांना जाऊन दोन महिने झाले. जेवतो, झोपतो.

तुला कबूल केल्याप्रमाणे बाबांच्या चहाच्या दुकानातला नकाशा भिंतीवरून उतरवायला घेतला. (महिनाअखेर जागा रिकामी करायची आहे. ती भिंत पाडून जागामालक शेजारचं चपलांचं दुकान वाढवणार आहे.) नकाशा तुला आठवतोच. चहा कंपनीने जाहिरातीसाठी छापलेला, चहा पिकतो ते देश फुगवलेले, बाकीचं जग कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, आणि समुद्रात जहाजांएवढे मासे. (शाळेत तू सिलोन चीनएवढं काढलंस म्हणून बाईंनी शून्य दिलं, तेव्हा बाबा शाळेत जाऊन म्हणाले होते की बाईंनी एकदा दुकानात येऊन खात्री करून घ्यावी.)

जुना कागद वाफेवर सुटतो, असं फ्रेमवाल्याने सांगितलं. मी स्टोव्ह पेटवून किटली भिंतीशी धरली. समुद्र सुरेख निघाला. जहाजं, मासे, गाल फुगवून वारा फुंकणारा तो म्हातारा, सगळं अखंड. जमीन मात्र हलेना. दोन तास वाफ दिली, दुकानाचं न्हाणीघर झालं, पण आसाम जागचा ढळला नाही. फ्रेमवाला बघायला आला आणि नखाने खरवडून म्हणाला, "हा लाकूड चिकटवायचा सरस आहे. थरावर थर. कोणाचा उद्योग?"

कोणाचा ते मला तेव्हा कळलं. गिऱ्हाईक कुठलाही चहा मागो, बाबा त्या देशावर पट्टीने ठोकत, तिथल्या मळ्याचं वर्णन करत आणि डबा तोच एक उघडत. (दुसऱ्या डब्यात खिळे होते.) चाळीस वर्षं मार खाऊन देश सुटायला लागले, की ते पुन्हा चिकटवत असणार. समुद्राला पट्टी कधी लागली नाही, म्हणून तो सहज आला.

देशांच्या आकाराची भोकं पडलेला तो समुद्र मी गुंडाळत होतो, तेवढ्यात घड्याळं दुरुस्त करणारे काका आले. बाबा गेल्याचं त्यांना माहीत होतं. पट्टी उचलून भिंतीवरच्या सिलोनवर दोनदा ठोकली आणि म्हणाले, "यातला पावशेर." मी डबा उघडला. मला पुडी बांधता येईना, तर त्यांनीच बांधली. पण जाईनात. म्हणाले, "वर्णन राहिलं." (तुझ्याशी चार वाक्यं बोलायला मला पत्र लागतं, हे तू जाणतेसच.) तिकडे धुकं असतं, एवढं मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि गेले.

असो. समुद्र पार्सलने पाठवत आहे, तुझ्या दिवाणखान्यात शोभेल. जागा सोडण्याचं मला विशेष काही वाटत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. काकांनी दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना पाठवलं. चीनबद्दल मी थोडं वाचून ठेवलं आहे.

आणखी एक ता. क. किल्ली मी अजून दिलेली नाही. जागा सोडायच्या कागदावर तुझीही सही लागते, तेव्हा बहिणीची हरकत आहे आणि ती फार तापट आहे, असं जागामालकाला सांगितलं आहे. तो रविवारी तुला फोन करील. कृपा करून हरकत घे. कारण विचारलं तर रागाव; मला ते जमत नाही.