आईच्या खोलीला पिवळा रंग

दि. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली, नाहीतर आज तुला द्यायला माझ्याकडे शिव्याच आहेत.

आईची तब्येत ठीक. उजवा हात अजून उचलत नाही, बोलणं अर्धंच कळतं, टोमणे मात्र सगळे कळतात. आमच्या लाँड्रीत नवीन मशीन आलंय, त्यामुळे माझी पाठ जरा कमी दुखते. खोलीला दिलेला पिवळा रंग वाळला. वास अजून जात नाही.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या संस्थेकडे पुढच्या सोमवारी परदेशी कॉलेजची दुसरी तुकडी येतेय, आणि "ताई, याही वेळी जरा सांभाळून घे" म्हणतोस. काय सांभाळू रे? मागच्या वेळी काय म्हणाला होतास? "पोरं सेवा करून शिकायला येतात, त्याचे त्यांना मार्क असतात. आईची खोली फुकटात रंगवून देतील. तू फक्त भिंतीवरचे फोटो उतरवून ठेव, रंग उडेल." मी बावळट, उतरवले. बाबा, तुझं लग्न, लहानपणीचे आपण दोघं, सगळे पेटीत गेले.

पोरं गुणी होती, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यातली एक ढगळ पँटवाली सारखी आईपाशीच. आईची वेणी घालायची, तीही वाकडीतिकडी, पण आई मला ती मोडू द्यायची नाही. मी कामावरून आले की ही घाईघाईने उठून मला खुर्ची द्यायची. मला वाटलं, काय वळण आहे पोरीला!

शेवटच्या दिवशी ती माझ्या गळ्यात पडून रडली. स्कार्फ दिला, काहीतरी बोलली. तुमच्या संस्थेचा ड्रायव्हर एरवी पटापट मराठीत सांगतो कोण काय म्हणतंय ते. तेव्हा मात्र आपल्या बुटांकडे बघत बसला. मी म्हटलं, "सांग की! दातखीळ बसली का?" तेव्हा म्हणाला, "बाई, ती म्हणते, या आजींना जगात कोणी नाही. तुम्ही नुसत्या शेजारीण असून इतकं करता."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तुला निराधार म्हातारी माणसं कमी पडली, म्हणून तू आपली आई त्यांत घातलीस? मुलगा धडधाकट, मुलगी धडधाकट, आणि ती निराधार? लाज कशी वाटली नाही रे तुला? मला शेजारीण केलंस, तेही न विचारता! निदान मोलकरीण तरी करायचंस, पगार तरी मागितला असता.

मी तोंड उघडणारच होते. ही माझी आई आहे, आणि तुमचा तो साहेब हिचा मुलगा आहे, असं त्या पोरीला सांगून टाकणार होते. तेवढ्यात आईने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या पोरीकडे बघून, एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "हो. शेजारीण. चांगली आहे."

ड्रायव्हरने तेही सांगितलं. पोरगी पुन्हा रडली.

सगळे गेल्यावर मी आईवर ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये, पण ओरडले. ती म्हणाली, "त्याची नोकरी जाईल." आणि त्या ओल्या पिवळ्या भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन घास खा म्हटलं, तर नुसती मान हलवली.

यातलं काही तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने मला. मोडली. तुझी नोकरी राहिली, धाकट्या. तिने पोटची पोर परकी करून राखली.

फोटो मी परत लावलेत. सोमवारी तुकडी घेऊन जरूर ये. पोरांना दारात उभं कर, त्यांच्यादेखत पलंगापाशी जा आणि तिला आई म्हणून हाक मार. ड्रायव्हरला ती हाक त्यांच्या भाषेत सांगू दे. जमणार नसेल तर येऊ नकोस. मग तू सांगतोस तेच मीही सांगत जाईन, की या म्हातारीला मुलगा नाही.

आईनेही तुला आशीर्वाद सांगितलाय. तो खरा आहे.

तुझ्या आईची,
शेजारीण