चटई कोणी उचलायची

वुहान,
१६ नोव्हेंबर १९८६

ती. मलाकीदादास,

धाकट्या फुआतिनोचा नमस्कार. बाबांना वाकून नमस्कार सांग.

पत्राला उशीर झाला, कारण बोटं वळत नाहीत. उत्तरेकडच्या शहरांत सरकार खोल्या तापवतं. आमचं वुहान त्यासाठी आखलेल्या रेषेच्या खाली येतं, म्हणून आम्ही कुडकुडायचं. मी दोन स्वेटर घालून झोपते आणि सकाळी त्याच अवतारात डबा घेऊन नूडल्सच्या रांगेत उभी राहते.

अंघोळ आठवड्यातून एकदा, कॉलेजच्या न्हाणीघरात, सगळ्याजणी उघड्या. पहिल्या दिवशी मी लावालावाचं कापड अंगाला गुंडाळूनच फवाऱ्याखाली गेले, तर बायका आपली अंघोळ सोडून मलाच बघत बसल्या. एका आजीने माझा दंड चाचपून विचारलं, की पोरी, हा रंग पाण्याने जात नाही होय? मी म्हटलं, तुम्हीच घासून बघा. तिने खरंच घासलं! हा मजकूर बाबांना वाचून दाखवू नकोस.

आम्हाला शरीरशास्त्र शिकवणाऱ्या शेनबाईंनी मला लेकच मानलं आहे. त्यांना एकच मुलगी, ती दूर शिनजियांगला नोकरीला. दर रविवारी मला घरी बोलावतात, कमळकाकडी आणि हाडांचं सार पाजतात, आणि मी एकच वाडगा घेतला तर रागावतात. त्यांनी स्वतःची रजईसुद्धा मला दिली; स्वतः काय पांघरतात देव जाणे. आईने विणलेली केवड्याच्या पातीची चटई मी त्यांना दाखवली. किती तरी वेळ त्या तिच्यावरून हात फिरवत होत्या.

लोभ आहेच. तो ताजा ठेव, इथे तेवढीच ऊब आहे.

तुझी,
फुआतिनो

---

सालेपुआ, सावाई बेट,
२८ डिसेंबर १९८६

चि. फुआतिनो हिस,

अनेक आशीर्वाद, आणि एक चापट. तुझं पत्र बाबांनी माझ्या हातात पडूच दिलं नाही. रविवारच्या जेवणावळीत, पाद्रीसाहेब शेजारी बसलेले असताना, त्यांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. न्हाणीघरापाशी आले आणि असे खोकायला लागले की पाणी द्यावं लागलं. पाद्रीसाहेब म्हणाले, की पुढे काय झालं ते कळलं तर बरं होईल. एकंदरीत गावात तुझी कीर्ती झाली आहे.

दुसरी बातमी अपेलूदादाची. ऑकलंडहून त्याचं पत्र आलं, की ईस्टरला येतो आणि आपल्या दारासमोर डोक्यावर चटई घेऊन माफीसाठी बसतो. आईच्या मातीला तो आला नाही, कारखान्यात रजा मिळाली नाही म्हणाला, तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नाही, हे तुला ठाऊकच आहे. बाबा म्हणाले, बसू दे. ऊन पडो, पाऊस पडो, ती चटई उचलून त्याला माफ करायला मी बाहेर येणार नाही. त्याचं काय ते मी जाताना सांगीन.

हे ऐकून मला मात्र बरं वाटलं. घरधनी जाताना सगळ्यांना उशाशी बोलावून जे शेवटचे शब्द सांगतो, त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. बाबांनी दार लावलंय, कडी घातलेली नाही. अपेलूही तेवढ्याच आशेवर आहे. त्याला मी तूर्त येऊ नकोस म्हणून कळवलं.

बाबांचे हल्ली लाड वाढलेत. अळूचा कंद घशाखाली उतरत नाही म्हणतात, नारळाच्या दुधात कालवून द्यावा लागतो. म्हातारपण, दुसरं काय.

अभ्यास कर, आणि लोभ ठेवतेस तसा स्वेटरही ठेव अंगात.

तुझा,
मलाकी

---

वुहान,
१५ मार्च १९८७

ती. मलाकीदादास,

नमस्कार.

शेनबाई गेल्या. माझ्यामुळे गेल्या असं कुणी म्हणत नाही, पण मी म्हणते.

नव्या वर्षाच्या सणानंतर त्यांना कॉलेजच्याच इस्पितळात ठेवलं. पोटात कर्करोग, खूप पसरलेला. इथे असलं काही निघालं की डॉक्टर घरच्यांना सांगतात, रोग्याला नाही. मुलीला कळवलं, आम्हा विद्यार्थ्यांना कळलं, झाडूवालीलासुद्धा माहीत होतं. शेनबाईंना मात्र अल्सर आहे म्हणून सांगितलं होतं. आयुष्यभर शरीरशास्त्र शिकवलेल्या बाई, त्यांना अल्सर! मला वाटलं, त्या ओळखून असतील आणि कुणी विचारत नाही म्हणून गप्प असतील. आपल्याकडे जाणाऱ्या माणसाला शेवटचे शब्द कुणी विचारले नाहीत, तर तो केवढा अपमान. मुलगी अजून वाटेतच होती. लेक म्हणवून घेणारी मीच एकटी जवळ होते.

म्हणून मी आईची चटई घेऊन गेले. त्यांच्या पायांवर पसरली, खाली जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हटलं, की बाई, तुमचे शब्द सांगा, मी तुमच्या मुलीपर्यंत पोचवीन.

त्यांना माहीत नव्हतं, दादा. मी त्यांचा चेहरा बघितला. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर साराचा एक घोट घेतला नाही, सुई टोचून घेतली नाही, आणि मुलगी पोचायच्या आधी गेल्या. जाताना तिच्यासाठी एक शब्द ठेवला नाही.

मुलीने चटई नीट घडी करून वसतिगृहाच्या फाटकावर आणून दिली. म्हणाली, की तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि बाबांचं घशाखाली न उतरणं मला आवडलेलं नाही. लाड समजू नकोस. हे पत्र मिळताच त्यांना आपियाच्या इस्पितळात ने.

लोभ कर म्हणायची लाज वाटते आहे.

फुआतिनो

---

सालेपुआ,
२० एप्रिल १९८७

चि. फुआतिनो हिस,

आशीर्वाद. स्वतःला खाऊ नकोस. तू मायेने गेलीस.

बाबांना आपियाला नेलं. अन्ननलिकेत गाठ आहे. डॉक्टरने मला आत बोलावून सांगितलं, की कापण्यापलीकडे गेली आहे, नाताळापर्यंत राहतील. बाबा बाहेर नीरफणसाखाली बसून नर्सला चिडवत होते, की माझी धाकटी डॉक्टर होऊन आली की तुझी नोकरी गेलीच म्हणून समज. मला विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, कागद फुआतिनोला पाठवतो, ती सांगेल. तर खूश झाले.

पाद्रीसाहेब म्हणतात, सांगून टाक. अपेलूने दुकानाच्या फोनवर रडून सांगितलं, की बाबांना कळू दे, म्हणजे ते मला बोलावतील. खरंच आहे. बाबांना आपण जाणार हे कळल्याशिवाय ते शेवटचे शब्द बोलणार नाहीत, आणि त्याशिवाय अपेलूला दार उघडणार नाही. पण माझी जीभ उचलत नाही. घरातली डॉक्टर तू. तू म्हणशील तसं करीन. तार कर.

मलाकी

---

वुहान,
९ मे १९८७

ती. मलाकीदादास,

नमस्कार. तार मिळालीच असेल. सांगू नका. इतरांना सांगू देऊ नका.

अल्सर आहे म्हणा. पातळ खायला द्या, कोको द्या, दुखलं तर डॉक्टरने दिलेल्या गोळ्या द्या. अपेलूदादाला येऊ देऊ नकोस. तो दारात दिसला की बाबा ओळखतील. दादाचं मला कळत नाही असं नाही. लहानपणी मला खांद्यावर घेऊन तो समुद्रात शिरायचा, ते मी विसरलेले नाही. पण त्या भिंतीकडे वळलेल्या डोक्यामागे बसून मी काय पाहिलं ते तू पाहिलेलं नाहीस. माणसाच्या तोंडातला घास आपण काढून घेतो रे. इथली माणसं निष्ठुर नाहीत, शहाणी आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

जुलैत परीक्षा संपली की येते. नाताळ लांब आहे. बाबांच्या पायाशी बसून मीच सांगीन, हळूहळू, त्यांचा हात धरून. मग दादाला बोलवू. तोवर त्यांना सुखाने जेवू दे.

माझ्यावर भरवसा ठेव, लोभही ठेव.

तुझी,
फुआतिनो

---

सालेपुआ,
२८ जून १९८७

चि. फुआतिनो हिस,

आशीर्वाद. तार पोचली असेल. बाबा १९ तारखेला, शुक्रवारी गेले. जेवताना ठसका लागला, आणि मग रक्त. पाद्रीसाहेब येईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत.

तू सांगितलंस तसंच केलं. शेवटपर्यंत अल्सरच होता. सुखी होते, हे तुला कळावं. आदल्या दिवशी त्यांनी कुदळ मागून घेतली आणि अळूची नवी रोपं लावली. मी शेजारी बसून होतो. त्यांनी आपणहून अपेलूचा विषय काढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, की त्या गाढवाला फार टांगून ठेवलं; नाताळला बरा झालो की त्याचं बघू. मी म्हटलं, आजच बघा ना, बाबा. ते हसले. म्हणाले, घाई काय आहे, मी काय मरायला टेकलोय?

शब्द माझ्या ओठांवर आला होता. तुझी तार आठवली. मी त्यांना रोपं काढून देत राहिलो.

अपेलू विमानाने आला. मातीच्या दिवशी पहाटेच दारासमोर डोक्यावर चटई घेऊन बसला. सगळं गाव बघत होतं. ती चटई उचलायचा हक्क बाबांचा, नाहीतर बाबा ज्याला घरधनी नेमून गेले त्याचा. ते कुणालाच नेमून गेले नाहीत. मी पायरी उतरलो, तर काकांनी मनगट धरलं आणि विचारलं, की तू कोण? सगळ्यांसमोर विचारलं. मी पाऊल मागे घेतलं.

शवपेटी त्याच्या शेजारून नेली. चटई नुसती थरथरत होती. आम्ही मातीहून परतलो तेव्हाही तो तसाच बसलेला होता. मग त्याने स्वतःच्या हाताने चटई काढली, घडी घातली, ओट्याच्या कडेवर ठेवली आणि गेला. मी हाका मारल्या. त्याने मागे पाहिलं नाही.

चटई अजून तिथेच आहे. तिला हात लावायला कुणी धजत नाही. तू आलीस की उचल.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. आज लिहिता येत नाही. तू ये, समोर बस, मग बघू.

मलाकी