दूध उतरतानाचा ताप

प्रिय ठमाबाई,

काल फोनवर पुन्हा सासूबाईंचं गाऱ्हाणं गायलीस. आवाज खणखणीत होता, म्हणून मला गाऱ्हाणंसुद्धा गोड लागलं. पंप दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. झाकण न उघडता नुसत्या आवाजावरून आतला बिघाड कळतो. तुझं यंत्र आता सुरळीत चाललंय. देवाचे आणि डॉक्टरांचे किती आभार मानू!

तुझं म्हणणं, बाळंतपणानंतर ताप चढला त्या दिवशी त्या न विचारता खोलीत शिरल्या, चादर ओढली, पोट दाबलं, तुझे पॅड हुंगले आणि नवऱ्यादेखत म्हणाल्या की घाण वास येतोय, गाडी काढ. तू लाजेनं अर्धमेली झालीस, आणि तेव्हापासून त्यांच्याशी हो-नाहीपुरतंच बोलतेस.

अगं, डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. पाणी आधीच गेलेलं, कळा लांबलेल्या, शेवटी सिझेरियन, त्यात तुझ्या अंगात रक्त कमी. अशा बाळंतिणीच्या गर्भाशयात जंतू चटकन घर करतात. आणखी उशीर झाला असता तर विष रक्तात भिनलं असतं. आणि तू? दूध उतरताना ताप यायचाच, म्हणत गोळी घेऊन पडलेली! हट्ट माझाच उचललास, अक्कल तेवढी विसरलीस.

आता ऐक. विहीणबाई आपणहून आल्या नव्हत्या. त्या दिवशी सकाळी फोनवर माझ्याशी बोलताना तुझे दात कडाकडा वाजत होते. तुझा फोन ठेवला न ठेवला तोच मी त्यांना लावला. म्हटलं, पोरगी चिडेल, पण आत्ताच्या आत्ता बघा. त्या म्हणाल्या, वाईटपणा माझ्याकडे लागला, तुम्ही घोर सोडा. तो त्यांनी घेतला, आणि आजवर तुझा राग मुकाट गिळला. मलाही बोलू देत नव्हत्या.

तो दातांचा आवाज मला लहानपणापासून ठाऊक आहे. मला वाढवणारी आत्या सांगायची, माझ्या जन्मानंतर आईचे दात असेच वाजत होते. सगळे म्हणाले, दूध उतरतंय. चादर ओढणारं कुणी नव्हतं. लोक कौतुकानं म्हणतात, हा स्वतःच्या पायावर उभा राहिला. बाळे, धरायला पदरच नव्हता. तुझ्या लेकाच्या मुठीत तो आहे, एवढ्यासाठी हे पत्र. उद्या सकाळचा चहा सासूबाईंजवळ बसून घे. आभार मानणं जमत नसेल तर भांड, पण बोल.

तुझाच, कान टवकारून बसलेला,
बाबा