शेऱ्याचा रकाना

ता. ९ जानेवारी, दुपार

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा थंडीत जास्तच कुरकुरतो, पण जीभ शाबूत आहे. आज सकाळीच मला दोनदा बोलून झालं. वेधशाळेच्या गच्चीवरचं वाऱ्याचं यंत्र अजून किरकिरतं. ‘उद्या तेल घालतो’ असं बाबा म्हणायचे, ते गेल्यावर आता मी म्हणतो. छोटीचा खोकला कसा आहे?

औषधांच्या गाडीवरच्या नर्सबाईंनी तुझं पत्र आणून दिलं, हेही त्याच नेतील. त्याला पंधरा दिवस होऊन गेले. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा नुसतं हवापाणी लिहून कागद फाडला.

दाजींबद्दल काय लिहू? माझ्या नोकरीची थट्टा करणारा तेवढा एकच माणूस होता. ‘काय मेव्हणे, आज छत्री घेऊ का?’ असं ते टेलिफोनवर विचारायचे आणि मी नको म्हटलं की हटकून घ्यायचे. खूप आठवण येते.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला जेवू देत नाही. तू लिहिलंस, ‘मीच त्यांना पाण्याला पाठवलं. धुकं उठल्यावर दीड तास तरी विमानं येत नाहीत, असं मीच म्हणाले. माझा अंदाज चुकला आणि माणूस गेला.’

ताई, आता नीट वाच.

आमच्या टेकडीवरून तुमचं अख्खं खोरं दिसतं, आणि तिथल्या हवेचा तक्ता आम्ही रोज सकाळी आठला पाठवतो. एक प्रत वरच्या देशाला, एक खालच्या देशाला, अक्षरन् अक्षर सारखी. भांडण त्या दोघांचं आणि लढाई तुमच्या अंगणात, हे वेधशाळेच्या साहेबांनाही कळतं. पण ते म्हणतात, ‘एकाला दिलं ते दुसऱ्याला दिलं, एवढ्यावरच आपला देश उभा आहे.’ मलाही ते पटलं होतं. आकाश काही आमच्या मालकीचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. बाबांनी तो तीस वर्षं कोरा ठेवला. मला विचारशील तर तेवढीच एक गोष्ट मी त्यांच्याकडून शिकलो नाही.

त्या दिवशी आठ वाजता खोरं धुक्यानं भरलेलं होतं. मी दुर्बीण लावली तर तुमच्या पाण्याच्या टाकीचं टोक दिसलं. आपण लहानपणी या गच्चीवर बसून पैजा लावायचो, आठवतं? टाकीचं टोक दिसलं की बरोबर दोन तासांत धुकं उठतं, हे तूच शोधून काढलं होतंस. मी लिहिलं, ‘धुकं दहाला उठेल.’ कोणी मागितलं नव्हतं, ताई. मला येतं, एवढंच दाखवायचं होतं.

आधी वरच्या देशाचे वैमानिक, आकाश मोकळं झाल्याची खबर लागेपर्यंत थांबायचे, मग निघायचे. तोच तुमचा दीड तास. त्या दिवशी ते थांबले नाहीत. माझा शेरा वाचून धुकं असतानाच निघाले. सव्वादहाला विमानं माझ्या डोक्यावरून गेली, आणि मी घड्याळ बघून खूश झालो, की धुकं बरोबर दहाला उठलं. दाजी टाकीपाशी होते हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

पुढच्याच आठवड्यात दोन्हीकडून पत्रं आली. शेरा फार उपयोगी आहे, रोज पाठवावा. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तुझं पत्र आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, हे माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘तू नाही लिहिलंस तर ते विचारतील, दुसऱ्याला गुपचूप सांगतोस का? मग इथेही तेच होईल. तुझी आई याच गावात राहते ना?’

ते खोटं बोलत नव्हते.

आज सकाळी टाकीचं टोक दिसलं. मी शेऱ्यात लिहिलं, ‘सांगता येत नाही.’ दोन्ही प्रतींवर, अक्षरन् अक्षर सारखं. साहेबांनी वाचलं आणि सही केली. उद्या ते सही करतील की नाही, आणि मी या खुर्चीत असेन की नाही, ठाऊक नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. भीती वाटते, ते तुझ्यापासून कशाला लपवू?

तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. तू मला पुन्हा पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. पण पाणी भरताना, छोटीला निजवताना, तुझ्या मनात ते वाक्य येत असेल, ते काढून टाक. ते माझं आहे, मला दे.

तुझा अंदाज चुकला नव्हता, ताई. तुझा अंदाज कधीच चुकत नव्हता. लहानपणी तू मला जे नाव ठेवलंस, तेसुद्धा नाही.

तुझा,
दीडशहाणा