संत अंतोनियोच्या दिवशीचा ट्रॅक्टर

११ जानेवारी १९२६

उभा राहिला! बाबांचा ट्रॅक्टर आपल्या पायांवर — म्हणजे चाकांवर — उभा राहिला! तीन हिवाळे बाबा लोहारशाळेत खपत होते.

आई मात्र ढिम्म. "ओविदिओ, एक खपला तर तुमची हौस. दोन खपले तर कारखाना. ईस्टरपर्यंत बघते, नाहीतर पुन्हा द्राक्षं चेपायची यंत्रं." बाबांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा बघवेना.

१४ जानेवारी

झेलिंदो बर्तोली आला. आठ बैलांचा धनी! ट्रॅक्टरभोवती फिरला, चाकाला लाथ मारून पाहिली. "घेतो. पण सतराला, संत अंतोनियोच्या दिवशी, गुरांबरोबर यालाही आशीर्वाद मिळाला पाहिजे. त्याशिवाय माझ्या गोठ्यात कुणी शिरत नाही."

मी धावत पाद्रींकडे गेले. डॉन एर्मेते म्हणाले, "अगं आर्जिया, आशीर्वाद चार पायांच्यांना असतो." मी म्हटलं, "चार चाकं आहेत की!" हसले. आणा म्हणाले!

१६ जानेवारी

बाबा ताटावरून उठून ट्रॅक्टर पुसायला गेले. त्यांचा मक्याचा पोलेंटाही मीच संपवला.

१७ जानेवारी

दाट धुकं. चर्चपुढच्या चौकात गाईबैल, डुकरं, एक आंधळी गाढवीण आणि मधोमध आमचा हिरवा राजा. रॉकेलच्या दिव्याच्या ज्वाळेने इंजिनाचं डोकं तापवायचं काम माझं. ते लाल झाल्यावर बाबांनी इंजिनाच्या बाजूच्या जड चाकाला हिसका दिला — धडाम! सुरू! डॉन एर्मेतेंनी पाणी शिंपडलं, बाबा वर चढले, गिअर टाकला आणि ट्रॅक्टर निघाला —

मागे!

मेलं इंजिन उलटं फिरत होतं! थंडीत करतं कधीकधी. डुकरं उधळली. डॉन एर्मेते बादली टाकून चर्चच्या पायऱ्यांवर! बाबा वरून ओरडताहेत, "थांब रे बाळा, थांब!" शेवटी झेलिंदोच्या गवताच्या गाडीत ढुंगण खुपसून थांबला. मला रडूच फुटलं. संपलं सगळं!

झेलिंदोच्याही डोळ्यांत पाणी — हसून हसून. "बैलांना मागे सरकवताना जन्मभर घसा फोडला मी. हा न सांगता सरकतो! घेतला!"

१८ जानेवारी

आईने सारण भरलेल्या तोर्तेल्लीनी केल्या, लांब्रुस्को वाइनची बाटली काढली. "चला, हौस तरी फिटली," म्हणाली. बाबा हसले, पण अर्धेच. दुसरं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

९ फेब्रुवारी

झेलिंदो जेवणाच्या वेळेलाच टपकला. "दुसरा कधी देता?"

बाबा बुचकळ्यात. "दुसरा कशाला?"

"कशाला काय? बैल कुणी एकटा घेतं का? एकटा झुरतो. जोडी हवी. नावंसुद्धा ठरवलीत मी."

बाबांनी समजवायला तोंड उघडलं. टेबलाखाली लाथ मारायला मी त्यांचा पाय शोधत होते, तेवढ्यात आईच बोलली —

"ईस्टरला घेऊन जा. आमचा कारखाना जोडीनेच देतो."