अकरा देश आणि सायखेडा

३ नोव्हेंबर, सोमवार
मला खोलीत जोडीदारीण आणून दिली! झुंबरबाई. पेठकडच्या कुठल्याशा पाड्यावरच्या. खुब्याचं ऑपरेशन झालंय, नीट चालू लागेपर्यंत आमच्या वृद्धाश्रमात. नात संध्या इथेच नर्स, म्हणून सोय झाली. बाईंनी आल्या आल्या माझी गादी दाबून पाहिली — "हिच्यात झोपतीस का बुडतीस?"

५ नोव्हेंबर
आमच्या व्यवस्थापक छायाताईंचं नवं खूळ — वर्धापनदिनाला प्रत्येकाची जीवनकथा भिंतीवर लावायची. झुंबरबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्यांची मी लिहायची. तीस वर्षं मराठी शिकवल्याची शिक्षा! मथळेही ताईंनीच ठरवून दिलेत.

शेती — डोंगरउतारावर भात, नागली. "लिही, निम्मं रानडुकरं खात."

कुटुंब — नवरा सोमा, आता नाही. "वाईट नव्हता. भाकर करपली तरी गप खायचा. तुझा?"

माझे देवव्रत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचे. झुंबरबाईंना सांगितलं नाही. इथे लिहिते.

७ नोव्हेंबर
आजचा मथळा प्रवास. मी जरा फुशारले. देवव्रतांबरोबर अकरा देश पाहिले, म्हटलं.

"तिथं वळखीचं कोण भेटलं?"

कोणी नाही.

"मंग लय लांब उगाच गेलीस!"

त्यांचा प्रवास एकच — पाडा ते सायखेडा. दिवाळी झाली की द्राक्षबागेत कामाला, टेम्पोत उभ्यानं. एकवीस वर्षं! संध्याचा बाप तिथेच बागेत जन्मला. मालकिणीनं स्वतः न्हाऊमाखू घातलं. ती म्हातारी अजून फोन करते.

मी अकरा देशांतून फ्रिजवर लावायची चुंबकं आणली.

१२ नोव्हेंबर
चालल्या! काठीवर, दारापर्यंत आणि परत. शनिवारी घरी जाणार. भात झोडायचंय म्हणे. या पायानं?

"मी बसून हुकूम सोडीन. तू बी चल आठ दिस. तुझ्या बाराव्या देशाला!"

१३ नोव्हेंबर
बाहेर राहायचं तर नातेवाइकाची संमती लागते. टोरांटोला शौनकला फोन. "आई, तिथे डॉक्टर आहे का? नेटवर्क? कमोड?" झुंबरबाईंना विचारलं. म्हणाल्या, "डोंगर हाय."

तसंच सांगितलं. शौनक हसला — माझा मुलगा, किती दिवसांनी! संमती दिली.

१९ नोव्हेंबर, पाडा
भात झोडलं. म्हणजे चार पेंढ्या, मग पाठ धरली. बायका पोट धरून हसल्या. मीही.

संध्याकाळी ओट्यावर पोरी पुस्तकं घेऊन येतात. काल तीन होत्या, आज नऊ. मी वाचते, मग त्या वाचतात. मागून झुंबरबाई — "जरा जोरात! मला बी कळू दे पुढं काय झालं." वाचताना पाठ दुखली नाही.

२२ नोव्हेंबर
छायाताईंचा फोन. तुम्ही नक्की कधी येताय? खोलीसाठी एक आजी थांबल्यात.

त्यांना द्या, म्हटलं.