अडुळशाचा उकाळा

कळंबा, कोल्हापूर
१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तू आणि वहिनी सुखरूप बडोद्याला पोचलात, बरं वाटलं. इथं आम्ही दोघं ठीक आहोत. आण्णांचं बीपी व्यवस्थित आहे, जेवणही बरं आहे. फोनवर नीट बोलता येत नाही. घंटी वाजली की आण्णा फोन माझ्या हातातनं काढून घेतात आणि "कोण पावणं?" म्हणून तुलाच विचारत बसतात. म्हणून लिहितेय.

वहिनींनी आण्णांचा चहा मसाला मागितलाय. सांगते. सुंठ सगळ्यात जास्त. वेलदोडा सालीसकट कुटायचा, साल टाकायची नाही. मिरी थोडी, दालचिनी त्याहून थोडी, लवंग नावाला. जायफळ आधी कुटून ठेवायचं नाही, चहा उतरवताना वर किसायचं. गवती चहा पाण्याबरोबरच उकळायचा, आलं मात्र दूध चांगलं उकळल्यावर, नाहीतर दूध नासतं. शाहूपुरीतल्या दुकानात आण्णा नव्या माणसाला हेच पहिलं शिकवायचे. "मसाला चहात मुरला पायजे, चहाच्या डोक्यावर बसाय न्हाय पायजे."

तुला आठवत असेल, उन्हाळ्यात दुकानात कोकम, पन्हं, आलं-लिंबू, आणि थंडी पडली की उकाळ्याला गर्दी. आईनं दुकान बंद करायला लावलं तेव्हा तुला राग आला होता. पण गिऱ्हाइकाच्या चहात हिंग पडायला लागलं होतं, दादा. तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. दुकान बंद झालं आणि आण्णांचं दुकान घरातल्या ओट्यावर आलं. गिऱ्हाईक एकच उरलं, आई.

आण्णांना सांगलीजवळच्या त्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात ठेवायचा विषय तू निघताना पुन्हा काढलास. नको. आईनं तुला दिवाळीत काय उत्तर दिलं होतं ते आठव. "माझं माणूस हाय, मी बघंन." आता मी बघेन.

वहिनींनी उकाळ्याचंही विचारलं होतं. तो मी आता करत नाही. बाजारात तयार मिळतो, तो घ्या.

तुझी,
क्रांती


कळंबा
२० मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. तू विचारतोस, आईचा ईसीजी दिवाळीत चांगला होता, मग एका दुपारी असं कसं झालं. डॉक्टरांनी लिहिलेला कागद तू स्वतः वाचलास. हृदय बंद पडलं. सत्तरीच्या पुढची बाई, त्यात संक्रांतीपासून खोकला. मी याहून काय सांगू?

हुसेनबी फोन उचलत नाही म्हणून तिच्यावर रागवू नकोस. तिचे गुडघे दुखतात, शिवाय मुलाचा, मीरासाबचा टेम्पो शिरोलीच्या कारखान्यांकडं दिवसभर असतो, घरात ती एकटीच. आईवर तिचा जीव होता. भिंतीपलीकडनं रोज दोघींचं बोलणं चालायचं. आता ती भिंतीशी येत नाही.

फाटकाजवळ रिकामं दिसतंय, हे तू व्हिडिओवर बरोबर ओळखलंस. कण्हेर काढली. पिराजी माळ्याला बोलावून मुळापासून काढून घेतली. सुरवंट झाले होते.

ऊन चढायला लागलंय. आण्णांनी परवा कोकम केलं. जिरं भाजून घातलं, सब्जा भिजवला, सगळं बरोबर, फक्त मीठ दोनदा पडलं. मी ते ओतून दिलं. ते बघत उभे होते. आईनं असं कधी केलं नसतं. स्वयंपाकघराला आता मी कडी घालते आणि वर कुलूप.

आईचं ते विचारतात का, असं तू विचारलंस. विचारतात. विचारलं की मी सांगते.

क्रांती


कळंबा
२ मे

दादा,

या वेळी वहिनींना दाखवू नकोस. आधी एकट्यानं वाच. फोनवर टाकलेलं कुठंही जातं. कागद वाचून जाळता येतो.

कण्हेरीवर सुरवंट नव्हते.

आता सरळ सांगते, नाहीतर पुन्हा चहा-मसाल्यावर जाईन.

तो रविवार होता. आईचा खोकला जात नव्हता म्हणून आण्णा रोज दुपारी तिला उकाळा करून द्यायचे. सुंठ, मिरी, तुळस, गूळ आणि परसातल्या अडुळशाची पानं. मी सांगत होते की डबे मी काढून देते, पानं मी तोडून आणते. आई म्हणायची, "असू दे. तेवढंच एक काम हाय त्यांच्या हातात." त्या दिवशी मी मंडईला गेले होते. आण्णा परसात जाण्याऐवजी फाटकाकडं गेले. अडुळसा म्हणून त्यांनी कण्हेरीची पानं तोडली आणि घातली.

अडुळसा मुळात कडूच असतो. तिला कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. या गोष्टीवर मी रोज विचार करते. गेलं वर्षभर ती त्यांच्या हातचं काहीही पीत होती. मीठ घातलेला चहा, ओवा घातलेलं पन्हं, एकदा तर हळद घातलेलं ताक. मी एकदा तिला म्हटलं, "आई, कसं पितेस गं?" ती म्हणाली, "पेल्याकडं बघायचं न्हाय. त्यांच्या तोंडाकडं बघायचं. मग चव कळत न्हाय." आण्णा समोर उभे राहायचे, पेला रिकामा होईपर्यंत. त्या दिवशीही उभे असणार.

मी परत आले तेव्हा ती मोरीत ओकत होती. म्हणाली, "पित्त झालंय, काय न्हाय." हात बर्फासारखे गार होते. मी हुसेनबीला हाक मारली, तिनं रिक्षा आणली. आण्णांना मीरासाबजवळ ठेवून मी आणि हुसेनबी आईला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, ठोके फार मंद पडलेत. त्यांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हटलं, नेहमीचं जेवण आणि उकाळा. मला खरंच तेवढंच माहीत होतं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

हुसेनबी माझ्या आधी घरी आली होती, माणसं यायच्या आत घर आवरायला. मी आत गेले तर ती ओट्याशी उभी होती, हातात गाळणी. मला म्हणाली, "क्रांती, हा अडुळसा न्हाय गं." मी बघितलं. लांबट, जाड, मधोमध पांढरी शीर. शाळेत असताना आपण त्याच झाडाची फुलं गणपतीला तोडायचो. आई ओरडायची, हात धुवा आधी.

हुसेनबीनं ती पानं चुलीत घातली. पातेलं घासून पालथं ठेवलं. मग म्हणाली, "हे मी कुणाला सांगणार न्हाय. मीरासाबलाबी न्हाय. त्या माणसाला आता कोर्टकचेरी दाखवून तुझी आई उठून येणार न्हाय. पण तू एकटी हे पोटात ठेवू नगंस. भावाला सांग." मी हो म्हटलं. तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलास, आण्णांच्या गळ्यात पडून रडलास, आणि मला सांगता आलं नाही. पुढं तू केंद्राचं बोललास तेव्हा तर मुळीच नाही. तू दिवाळीत म्हणाला होतास, "एक दिवस काहीतरी घडंल, मग कळंल तुम्हांला." ते तुला पुन्हा म्हणू द्यायचं नव्हतं मला.

इथवर सांगितलं म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही.

आण्णा रोज विचारतात, "तुझी आई कुठं गेली?" सुरुवातीला मी म्हणायचे, जयसिंगपूरला मावशीकडं गेलीय. मग ते दाराशी बसून वाट बघायचे, म्हणून मी खरं सांगायला लागले. आई वारली, आण्णा. ते ऐकून घ्यायचे, डोळे पुसायचे, थोड्या वेळानं विसरायचे. हे तुला ठाऊक आहे.

पाडव्यानंतर सुट्टीच्या एका दुपारी मी कुलूप लावायला विसरले. झोपून उठले तर आण्णा माझ्यासमोर पेला घेऊन उभे. आलं-लिंबू केलं होतं, पुदिना चुरगाळून, काळं मीठ घालून. मला म्हणाले, "चव बघ की. मग तुझ्या आईला दे. घसा धरलाय तिचा." मी पेला हातात घेतला. मी तो पिऊ शकले नाही. ते हसत होते, दादा, आईसमोर हसायचे तसे. आणि मी म्हटलं, "आईला तुम्ही कण्हेर पाजलीत. तुमच्या हातानं गेली ती."

ते तिथंच खाली बसले. म्हणाले, "मी? मला अडुळसा वळखाय येत न्हाय व्हय?" स्वतःची बोटं नाकाशी नेऊन हुंगत राहिले. मग लहान पोरासारखे रडले. मी उठवलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत विसरले आणि पुन्हा विचारलं, "कुठं गेली गं ती?"

मी पुन्हा सांगितलं.

पहिल्यांदा तोंडातनं गेलं, असं मी स्वतःला समजावू शकते. दुसऱ्यांदा मी विचार करून सांगितलं. त्यानंतर जवळजवळ रोज. ऑफिसातनं येते, चप्पल काढते, ते विचारतात आणि मी सांगते. त्यांना ते दर वेळी नव्यानं कळतं. आई दर वेळी त्यांच्या हातनं नव्यानं मरते. मी समोर उभी राहून बघते. कधी कधी त्यांनी विचारलेलंही नसतं.

हुसेनबीला भिंतीपलीकडनं ऐकू गेलं. काल ती गुडघे धरत आली, आण्णांना पाणी पाजलं, त्यांचं तोंड पदरानं पुसलं. मला परसात नेऊन म्हणाली, "शिक्षा कुणाला द्यायला लागलीयास? त्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाय, तुझ्या ऱ्हातंय. उद्या तुझा हात उठंल." मी म्हटलं, उठणार नाही. ती म्हणाली, "आज जे करालीस ते करशील असं तरी वाटलं हुतं का तुला?"

आज सकाळी त्यांनी चहा मागितला. मी दिला नाही. काही कारण नव्हतं. दूध होतं, साखर होती. ते बराच वेळ ओट्याकडं बघत बसले आणि मग मागायचंच विसरले. म्हणून हे पत्र आजच टाकतेय.

तू म्हणायचास, आण्णांपासून आईला धोका आहे. बरोबर होतास. आता त्यांना माझ्यापासून आहे. तुझ्या घरी ने, नाहीतर त्या केंद्रात ठेव, मी एका शब्दानं अडवणार नाही. तिथल्या लोकांना सांग, दुपारी त्यांना काहीतरी करून कुणाला तरी प्यायला द्यायचं असतं. ओट्याशी उभं राहू द्यावं. जिन्नस दुसऱ्यानं हातात द्यावेत. बाकी ते कुणाला त्रास देत नाहीत.

ते तुलाही विचारतील, ती कुठं गेली. तुला सुचेल ते सांग. खोटं सांगितलंस तरी चालेल.

फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही. मिळेल त्या गाडीनं ये. त्यांचे कपडे मी बांधून ठेवलेत. तू येईपर्यंत ते हुसेनबीकडं राहतील, तिनं हो म्हटलंय. तू परस्पर तिच्या दाराशी जा. मी बाहेर येणार नाही.

क्रांती